युरोपातले नाइट नेमके कशाने संपले?

घाटवाट

गेल्या महिन्यात कामानिमित्त लंडनला होतो. एक दुपार मोकळी मिळाली तेव्हा वकिलांच्या कचेऱ्यांच्या गल्लीबोळांत दडलेलं टेंपल चर्च बघून आलो. टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या नाइटांनी बाराव्या शतकात बांधलेलं, गोल आकाराचं. आत शिरलं की फरशीवर दगडी माणसं उताणी निजलेली दिसतात. १९४१च्या बॉम्बहल्ल्यात जळतं छप्पर त्यांच्यावर कोसळलं. तेव्हाच्या चिरा अजून अंगभर आहेत. त्यातली एक मूर्ती विल्यम मार्शल या नावाजलेल्या इंग्रज नाइटची मानली जाते. मी तिच्याशेजारी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिलो. चिलखताच्या कड्यांच्या ओळी दगडात कोरलेल्या आहेत, चेहरा मात्र काळाने पार पुसून टाकलाय.

शाळेत आपण एका ओळीत शिकलो होतो: बंदुकीची दारू आली, सरंजामशाही कोसळली, नाइट संपले. मला ही ओळ आता अजिबात पटत नाही. गेली काही वर्षं या विषयावर जमेल तेवढं वाचतोय. माझं मत असं झालंय की नाइट हा पैशाचा मामला होता. त्याला उभं केलं जमिनीच्या उत्पन्नाने, आणि संपवलं रोख पगाराने. दारूगोळा त्यानंतर आला. हे नीट मांडायचंय, म्हणून हा धागा.

सुरुवात खर्चापासून करतो. ऱ्हाइनकाठच्या फ्रँक लोकांच्या जुन्या कायद्यात वस्तूंच्या किमती लिहून ठेवल्या आहेत. चिलखत १२ सॉलिडस (तेव्हाचं नाणं), शिरस्त्राण ६, म्यानासकट तलवार ७, पायांची कवचं ६, ढाल-भाला २ आणि घोडा १२. बेरीज ४५. त्याच यादीत एक बैल २ सॉलिडसला आहे. म्हणजे एका स्वाराला लढाईला उभं करायचं तर अकरा बैलजोड्यांचे पैसे लागत! साधा शेतकरी हे कुठून आणणार? मग राजाकडे नाणी कमी आणि जमीन भरपूर, तेव्हा त्याने जमीन दिली आणि बदल्यात वर्षातले ठरावीक दिवस (पुढे बहुतेक ठिकाणी ४०) चाकरी मागितली. या व्यवहारातून नाइट वर आला.

आता मार्शल. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. जन्म ११४७च्या आसपासचा. बाप इंग्लंडमधला मध्यम वकुबाचा सरदार. ११५२ साली राजा स्टीफनने न्यूबरीच्या गढीला वेढा दिला, तेव्हा बापाने तहासाठी हे पोर ओलीस दिलं आणि लगेच शब्द फिरवला. राजाने निरोप पाठवला, मुलाला फाशी देतो. बापाने उलट कळवलं, खुशाल दे, याहून चांगली पोरं घडवायला माझ्याकडे ऐरण आणि घण अजून शाबूत आहेत. राजाला त्या पोराची दया आली. पुढे एके दिवशी राजा आणि हा पाच-सहा वर्षांचा मुलगा तंबूत बसून रानटी झाडाचे दांडे घेऊन ‘नाइट-नाइट’ खेळत होते, एकमेकांच्या दांड्याचं डोकं उडवत. हे सगळं मार्शलच्या थोरल्या मुलाने लिहवून घेतलेल्या १९ हजारांहून जास्त ओळींच्या फ्रेंच चरित्रकाव्यात आहे. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे.

धाकट्या मुलाला जमीन मिळायची नाही. त्याला नॉर्मंडीत तांकारव्हिल इथे नातलगाकडे शिकायला पाठवलं. ११६६च्या सुमारास तो नाइट झाला आणि पहिल्याच चकमकीत जिवाची पर्वा न करता लढला. त्यात त्याचा घोडा मेला. रात्री जेवताना एका मोठ्या सरदाराने सगळ्यांसमोर म्हटलं, “मार्शल, मला काहीतरी भेट दे. खोगिराचा एखादा जुना पट्टासुद्धा चालेल.” हा म्हणाला, “माझ्याकडे कधीच नव्हता.” त्यावर सरदार, “असं कसं? आज तुझ्यासमोर चाळीस-साठ होते!” त्याला म्हणायचं होतं, इतके शत्रू पाडलेस, एकाला तरी धरून त्याचा घोडा आणि सामान घ्यायचं होतंस. मार्शलला नाइट होताना मिळालेला नवा झगा २२ शिलिंगांना विकावा लागला, तेव्हा कुठे सामान वाहायला एक तट्टू आलं.

धडा पक्का बसला. त्यानंतर तो टूर्नामेंटमध्ये उतरला. त्या काळची टूर्नामेंट म्हणजे दोन गावांमधल्या शेता-शिवारातून दिवसभर चालणारी शेकडो स्वारांची धुमश्चक्री. ज्याला पकडाल त्याचा घोडा आणि शस्त्रं तुमची, शिवाय सुटकेची खंडणी. मार्शलने एका दुसऱ्या नाइटशी सरळ भागीदारी केली, आणि एका हंगामात दोघांनी मिळून १०३ नाइट पकडले. हिशेब कारकून ठेवत असे.

एकदा शँपेनमधल्या प्लर गावच्या झुंजीनंतर त्याला बक्षीस म्हणून एक मोठा मासा द्यायचा ठरला. मासा घेऊन दोघे शोधत निघाले तर हा लोहाराकडे. गुडघे टेकून, डोकं ऐरणीवर ठेवलेलं. मार खाऊन खाऊन शिरस्त्राण असं चेपलं होतं की निघतच नव्हतं, आणि लोहार हातोडा-पकड घेऊन ते डोक्यावरून सोडवत होता. नाइट म्हटलं की आता मला पांढरा घोडा आणि फडफडता झेंडा आठवत नाही, ऐरणीवरचं ते डोकं आठवतं.

ज्याला झगा विकावा लागला होता, तो ११८९ मध्ये मोठ्या जहागिरीच्या वारस मुलीशी लग्न करून मोठा जमीनदार झाला, पुढे अर्ल ऑफ पेम्ब्रोक झाला, आणि १२१६ मध्ये बालराजाचा कारभारी म्हणून सगळं इंग्लंड सांभाळत होता. ही नाइटपणाची चढती कमान. ती कशी उतरली ते प्रतिसादांत बोलू. तुम्हाला काय वाटतं तेही सांगा.

तिरकीचाल

वाचतोय. एक प्राथमिक शंका. नाइट म्हणजे सरदार का? मराठी पुस्तकांत कुठे ‘सरदार’, कुठे ‘शूरवीर’ असं भाषांतर दिसतं. नक्की कोण?

घाटवाट

सुरुवातीला सरदार नव्हेच. जुन्या इंग्रजीत ‘क्निख्ट’ म्हणजे पोरगा, हरकाम्या. जर्मन ‘रिटर’ म्हणजे नुसता स्वार. फ्रेंच ‘शव्हालिए’ हा ‘घोडा’ या शब्दावरून आलाय. म्हणजे मुळात कुणाच्या तरी पदरी असलेला घोडेस्वार सैनिक. मोठ्या लोकांनीही स्वतःला नाइट म्हणवून घ्यायला लागणं ही अकराव्या-बाराव्या शतकातली गोष्ट. आपल्या शब्दांत जवळचं सांगायचं तर शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येणारा. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

रिकीब

घोड्यांबद्दल थोडं लिहिते. शाळेत असल्यापासून घोड्यावर बसते, आता शिकवते.

रिकिबीमुळे (खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी) नाइट जन्मला असं एक जुनं मत आहे. बसणारी म्हणून सांगते, रिकीब महत्त्वाची आहेच, पण भाल्याचा धक्का सोसायला तेवढी पुरत नाही. भाला बगलेत घट्ट दाबून दौडत्या घोड्यावरून धडक दिली की जेवढा जोर समोरच्याला बसतो, तेवढाच उलटा तुमच्या अंगावर येतो. पाठीशी आधार नसेल तर माणूस घोड्याच्या पुठ्ठ्यावरून मागे जाईल. म्हणून त्यांच्या खोगिराला पुढे आणि मागे उंच कठडे होते, मागचा तर कमरेला धरून ठेवणारा. दुहेरी तंग, छातीवरून पट्टा, लांब रिकिबी आणि पाय जवळजवळ सरळ. आम्ही आज बसतो तशी बैठकच नव्हे ती.

बायोच्या कापडावरचं भरतकाम बघा. १०६६च्या हेस्टिंग्जच्या लढाईचं, लांबी ७० मीटरच्या आसपास. त्यात काही स्वार भाला डोक्यावर उचलून फेकण्याच्या पवित्र्यात आहेत, तर काहींनी तो बगलेत धरलाय. रिकीब तर युरोपात त्याच्या कितीतरी आधी पोचली होती. म्हणजे बगलेतल्या भाल्याची पद्धत हळूहळू, सरावाने बसत गेली.

आणि एका घोड्यावर भागत नसे. लढाईचा घोडा वाटेत दमवायचा नाही, तो मोकळा न्यायचा. प्रवासाला वेगळा, सामानाला तिसरा. चारा, नाल, मोतद्दार, खरारा असा प्रत्येक घोड्याचा रोजचा खर्च असतो. अकरा बैलजोड्या ही तर फक्त सुरुवात झाली. घोडा उभा असला तरी खातो.

पिंपळपान

+१ रिकीब. शेवटचं वाक्य ज्यांनी घोडा पाळलाय त्यांनाच सुचेल.

काळाकातळ

लेख आवडला, पण मुद्दा मान्य नाही. लाँगबोचं, म्हणजे इंग्रजांच्या लांब धनुष्याचं, काय करणार तुम्ही? क्रेसीची लढाई, २६ ऑगस्ट १३४६. फ्रान्सचे उत्तमोत्तम नाइट इंग्रजांच्या बाणांपुढे पुन्हा पुन्हा धावून गेले आणि ढीग होऊन पडले. बोहेमियाचा राजा जॉन आंधळा होता. मला पुढे न्या, निदान तलवारीचा एक घाव घालू द्या, म्हणाला. सोबत्यांनी आपल्या घोड्यांचे लगाम त्याच्या घोड्याच्या लगामाला बांधले आणि सगळे मिळून गर्दीत घुसले. दुसऱ्या दिवशी घोडे तसेच एकमेकांना बांधलेले सापडले.

मग अ‍ॅझिंकोर्ट, २५ ऑक्टोबर १४१५. तिथेही तेच. साध्या शेतकऱ्याच्या पोराच्या हातातलं यू झाडाचं धनुष्य, आणि समोर कुळाचा अभिमान मिरवणारा लोखंडी माणूस. इंग्लंडच्या एडवर्ड तिसऱ्याने १३६३ मध्ये सणासुदीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव सक्तीचा केला होता. अशा हजारो माणसांपुढे चिलखत काय करणार? मला तर हे उघड वाटतं की हत्यार बदललं म्हणून नाइट गेला.

घाटवाट

काळाकातळ, जॉनची गोष्ट लिहिलीत हे फार बरं केलंत. कितीही वेळा वाचली तरी ते बांधलेले घोडे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पण बघा, क्रेसीनंतर दीडशेहून जास्त वर्षं चिलखतातला स्वार युरोपच्या रणांगणावर होता. बाणाने संपला असता तर इतका टिकला नसता. अ‍ॅझिंकोर्टला फ्रेंच नाइट बहुतेक पायी लढले. आदल्या रात्रीचा पाऊस, नुकतं नांगरलेलं शेत, घोटाभर चिखल आणि दोन्हीकडे रान, त्यामुळे मागून रेटणाऱ्यांनी पुढच्यांना हात उचलायलाही जागा ठेवली नाही. आणि पातेची लढाई, १८ जून १४२९. इंग्रज धनुर्धाऱ्यांना घोडे अडवायचे खुंट जमिनीत ठोकायला वेळ मिळायच्या आत फ्रेंच स्वार त्यांच्यावर येऊन आदळले आणि ती फौज उधळली गेली. टॅलबटसारखा नावाजलेला सेनापती कैद झाला. तीच हत्यारं आणि निकाल उलटा.

माझा मुद्दा धनुष्यापेक्षा मजुरीचा आहे. इंग्रजांच्या पगाराचे दर आपल्याला माहीत आहेत. अ‍ॅझिंकोर्टच्या मोहिमेत नाइटला दिवसाला २ शिलिंग, धनुर्धाऱ्याला ६ पेन्स. १२ पेन्सचा शिलिंग, म्हणजे एका नाइटच्या पैशात चार धनुर्धारी. राजा आता चाकरी मागत नव्हता, करार करून माणसं ठेवत होता. आणि ज्या दिवशी नाइटसुद्धा रोजावर आला, त्या दिवशी त्याची तुलना सुरू झाली. जमिनीच्या बदल्यात येणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नसे.

याची सुरुवात तर अडीचशे वर्षं आधीच झाली होती. हेन्री दुसऱ्याच्या काळात, ११५९ मध्ये, तुलूझच्या मोहिमेसाठी स्वतः येण्याऐवजी पैसे भरा म्हणून ढालपट्टी मोठ्या प्रमाणावर वसूल झाली. राजाला भाडोत्री सैनिक जास्त सोयीचे, जमीनदाराला घरी राहणं जास्त सोयीचं. तेराव्या शतकात तर नाइट व्हायलाच लोक टाळाटाळ करू लागले. समारंभाचा खर्च, चिलखताचा खर्च, वर ज्युरीची आणि जिल्ह्याच्या कारभाराची कामं गळ्यात. १२२४ मध्ये हेन्री तिसऱ्याला फर्मान काढावं लागलं की ऐपत आहे त्यांनी नाइट झालंच पाहिजे! पुढे वर्षाला २० पौंड उत्पन्नाची जमीन अशी मर्यादा ठरली. न होणाऱ्याला दंड. लाँगबोची एकही मोठी लढाई व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. ज्याच्यासाठी मार्शलने झगा विकला, त्यापासून त्याच्या नातवांच्या पिढीतले लोक पळ काढत होते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

दवबिंदू

चिलखत इतकं जड असायचं की नाइटला दोरखंड-कप्पीने घोड्यावर चढवत, पडला तर उठता येत नसे, असं ऐकलंय. खरंय का?

काळाकातळ

नाही, ती दंतकथा. पंधराव्या शतकातलं संपूर्ण पत्र्याचं चिलखत २०-२५ किलोचं, आणि वजन सगळ्या अंगावर वाटलेलं. आजचा सैनिक पाठीवर याहून जास्त वाहतो. फ्रान्सचा मार्शल (हे सेनापतीचं पद) बुसिको तर चिलखत घालून कोलांटी मारायचा, आणि भिंतीला लावलेल्या शिडीवर खालच्या बाजूने नुसत्या हातांनी चढायचा. खेळातल्या भालाझुंजीसाठी वेगळं, जास्त जाड चिलखत असे. त्यावरून हा गैरसमज झाला असावा. तोच बुसिको अ‍ॅझिंकोर्टला पकडला गेला आणि १४२१ मध्ये इंग्लंडमध्ये कैदेतच वारला. खंडणी ठरलीच नाही.

माजघर

चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. अकरा बैलजोड्या आल्या कुठून? कुणाच्या तरी गोठ्यातूनच ना?

दहाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये या घोडेस्वारांनी इतका उच्छाद मांडला होता की चर्चला मध्ये पडावं लागलं. ९८९ साली शारू इथल्या सभेत शाप जाहीर झाले: जो देवळात घुसून लुटेल, जो शेतकऱ्याची आणि गरिबाची गुरं नेईल, जो निःशस्त्र धर्मगुरूला मारेल, तो बहिष्कृत. गुरं हा शब्द तिथे आहे. बैल, गाय, गाढव, शेळी, बोकड, डुक्कर अशी यादीच आहे. पुढे आठवड्यातले काही दिवस लढाई बंद ठेवायचे नियम आले. आणि १०९५ मध्ये क्लेर्मोंला पोप अर्बन दुसऱ्याने या माणसांना जेरुसलेमची वाट दाखवली. नाइटची नीती, दुबळ्यांचं रक्षण वगैरे जे आपण गोष्टींत वाचतो, ते त्याच्यावर बाहेरून घातलेलं वेसण होतं.

आणि तेही आपसांत. इंग्लंड-फ्रान्सच्या शतवर्षीय युद्धात इंग्रजांच्या मोठ्या स्वाऱ्या म्हणजे काय होतं? १३५५ मध्ये युवराज एडवर्ड बोर्दोहून निघून भूमध्य समुद्राच्या जवळपर्यंत गावं जाळत गेला आणि परत आला. शत्रूराजाचा महसूल बुडवणं हाच हेतू. त्याच युवराजाने पुढच्या वर्षी प्वातिएला फ्रान्सचा राजा पकडला आणि रात्री स्वतः उभं राहून त्याला जेवायला वाढलं. हा शूरपणाचा आदर्श म्हणून सांगितला जातो. ज्यांची कोठारं जाळली त्यांना कुणी वाढलं नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

पिंपळपान

माजघर, हा प्रतिसाद वाचून खरंच थांबलो. वाचनखूण साठवली.

घाटवाट

माजघर, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि मी मूळ लेखात हे लिहायला हवं होतं.

आपसांतली ही सभ्यता किती पक्की होती त्याचा एक आकडा देतो. १११९ मध्ये ब्रेम्यूलला इंग्लंड आणि फ्रान्सचे राजे समोरासमोर आले. तेव्हाचा इतिहासकार ऑर्डेरिक म्हणतो, सुमारे ९०० नाइट लढले आणि मेले फक्त तीन. अंगभर लोखंड होतं आणि मारण्यापेक्षा पकडण्यात सगळ्यांनाच रस होता.

आता ११ जुलै १३०२, फ्लँडर्समधलं (आजचं बेल्जियम) कोर्ट्राय. समोर विणकर, खाटीक, रंगारी, गिल्डांचे, म्हणजे कारागीर संघांचे लोक. हातात ‘खुडनडाख’ म्हणजे ‘शुभदिन’ नावाचा जाडजूड दंडुका, टोकाला लोखंडी खिळा. पुढ्यात ओढे आणि दलदल. त्यांनी आधीच ठरवलं होतं, कैदी घ्यायचे नाहीत. फ्रेंच नाइट ओढे ओलांडून आले आणि अडकले. सेनापती आर्त्वाचा रोबेर मारला गेला. किमान शेकडो, बहुधा हजाराच्या घरात नाइट पडले. नाइटांच्या टाचेला बांधलेले सोनेरी काटे गोळा करून विणकरांनी गावच्या चर्चमध्ये टांगले, पाचशेच्या आसपास. विणकराला खंडणीच्या व्यवहारात सामील व्हायचं कारणच नव्हतं. नाइटची खरी ढाल ती खंडणी होती, आणि ती तिथे चालली नाही. ११ जुलै हा फ्लँडर्सचा आजही सण आहे.

नेकारकाठ

मी स्टुटगार्टजवळ राहते. इथून दीडेक तासावर याग्स्टहाउझेनच्या गढीत ग्योट्स फॉन बर्लिखिंगेनचा लोखंडी हात ठेवलाय. मुलांना घेऊन दोनदा गेलेय. १५०४ मध्ये लांड्सहुटच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा उजवा हात गेला. हा कृत्रिम हात बघताना अंगावर काटा येतो. बोटं दुसऱ्या हाताने दाबली की आत दात्यांवर अडकून तशीच राहतात, आणि कळ दाबली की सुटतात. लगाम धरता येईल इतका पक्का. माझ्या धाकट्याने काचेला नाक लावून पंधरा मिनिटं बोटांचे सांधे मोजले. या हाताने ग्योट्स पुढे जवळजवळ साठ वर्षं जगला, १५६२ मध्ये वारला.

पण त्याच्या पिढीचं काय झालं ते महत्त्वाचं. १४९५ मध्ये व्होर्म्सच्या सभेत कायमची शांतता जाहीर झाली, म्हणजे खासगी वैर काढून लढायला बंदी. लहान नाइटांचं अर्धं उत्पन्न तर त्या वैरांवर चालायचं, व्यापाऱ्यांना अडवून वसुली करण्यावर. जमिनीचा खंड ठरलेला, महागाई वाढलेली. १५२२ मध्ये फ्रांत्स फॉन झिकिंगेनने नाइटांना एकत्र करून ट्रियरच्या आर्चबिशपवर चाल केली, ती फसली. पुढच्या वर्षी तीन सत्ताधीशांनी मिळून त्याला लांड्श्टूलच्या गढीत कोंडलं. नव्याने बांधलेल्या भिंती तोफांनी काही दिवसांत फोडल्या. तो जबर जखमी झाला आणि ७ मे १५२३ ला गढी शरण गेल्यावर वारला.

तेव्हा घाटवाट, तोफेला इतकं बाजूला सारू नका असं मला वाटतं.

घाटवाट

नेकारकाठ, मान्य. तोफ बाजूला सारणं चूक आहे. पाव्हियाला १५२५ मध्ये फ्रान्सचा राजा फ्रांस्वा पकडला गेला, त्यातही बंदूकवाल्यांचा वाटा मोठा. त्याच्या वर्षभर आधी बायारसारखा नाइट बंदुकीच्या गोळीनेच गेला.

पण लांड्श्टूलवर आलेल्या तोफा कुणाच्या होत्या ते बघा. दोन मोठ्या संस्थानिकांच्या आणि एका आर्चबिशपच्या. तोफेला ओतकाम, दारू, बैल, गाडे, गोलंदाज लागतात आणि बारमाही खर्च लागतो. झिकिंगेन श्रीमंत होता, तरी त्याला ते पेलणारं नव्हतं. चिलखत एका घराला परवडत होतं, तोफखाना फक्त खजिन्याला परवडला.

आणि तिरकीचाल, शिलेदार-बारगीर लक्षात ठेवा म्हटलं होतं ते इथे. १४४५ मध्ये फ्रान्सच्या चार्ल्स सातव्याने कायमची फौज उभी केली. पंधरा पथकं, प्रत्येकात शंभर ‘भाले’. एक भाला म्हणजे सहा जण: एक पूर्ण चिलखती स्वार, एक हलका हत्यारबंद, एक पोऱ्या, दोन धनुर्धारी आणि एक नोकर. पगार राजाचा, तपासणी राजाची, शांततेतही नोकरी चालू. त्या चिलखती स्वाराला नाइट असायचीही गरज नव्हती. घोडा आणि चिलखत तेच, लढायची तऱ्हा तीच. पण आता तो राजाच्या हजेरीपटावरचा माणूस होता. माझ्या मते नाइट संपला तो इथे, आणि त्यावर गोळी झाडली गेली नव्हती.

मांडवीकाठ

अवांतर: गोव्याशी एक धागा जुळतो. टेंपलर पंथ १३१२ मध्ये पोपने बरखास्त केला, तेव्हा पोर्तुगालच्या राजाने त्यांची मालमत्ता घालवली नाही. १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ नावाचा नवा पंथ काढून त्याच्या हवाली केली. पुढे राजपुत्र हेन्री त्याचा कारभारी होता, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजं पाठवायला तोच पैसा कामी आला. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस याच पंथाचा. म्हणजे १५१०मध्ये मांडवीत शिरलेल्या शिडांच्या मागे टेंपलरांच्या जमिनी होत्या, असं म्हणायला हरकत नाही.

दवबिंदू

आणि आपले ‘सर’? सर जमशेटजी जीजीभॉय, सर रामकृष्ण भांडारकर?

घाटवाट

मांडवीकाठ, हा दुवा मला माहीत नव्हता, मनापासून आभार.

दवबिंदू, हो, तोच किताब. जमशेटजींना १८४२ मध्ये मिळाला, भांडारकरांना १९११ मध्ये. आधीच्या फर्मानाचं शेपूटही लांब आहे. चार्ल्स पहिल्याने १६३०च्या सुमारास, राज्याभिषेकाला येऊन नाइट झाला नाहीत म्हणून जमीनदारांकडून दंड उकळला. पार्लमेंटने १६४१ मध्ये ते बंद केलं.

माजघर, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करत होतो. त्या चरित्रकाव्याच्या शेवटी मार्शल मरणशय्येवर आहे, साल १२१९. एक जण त्याला सांगतो की धर्मगुरूंच्या मते दुसऱ्याचं घेतलेलं परत केल्याशिवाय मुक्ती नाही. मार्शल म्हणतो, मी पाचशे नाइट पकडले, त्यांचे घोडे आणि शस्त्रं घेतली, ते आता परत करणं माझ्याच्याने होणार नाही. देवाच्या हवाली होतो, याहून जास्त काय करू? पाचशे नाइटांचा हिशेब त्याला तोंडपाठ होता. गावकऱ्यांची गुरं त्या हिशेबात नव्हती, हे तुमचं म्हणणं खरंच आहे.

मग दुसरा एक कारकून-पाद्री सुचवतो, कोठीत फर लावलेले भारी झगे पडलेत, ते विकून आत्म्यासाठी दान करावं. यावर तो म्हातारा चिडतो. म्हणतो, पेंटेकॉस्टचा सण तोंडावर आलाय. माझ्या पदरच्या नाइटांना त्या दिवशी नवे झगे मिळायचे असतात, आणि ही माझी शेवटची वेळ. एकही विकायचा नाही.